नापसंत गांडुळं

काल संध्याकाळी माझी गांडुळं परत आली. नापसंत म्हणून. श्रीखंडाचा रिकामा डबा, झाकणाला खिळ्याने पाडलेली भोकं, आत माती. तळमजल्यावरच्या काकांनी तो दारातच माझ्या हातात दिला आणि वर म्हणाले, ‘‘मोजून घ्या. अकरा आहेत.’’

आम्ही फोंड्यात फ्लॅटमध्ये राहतो. गावच्या घरी परसात केळ होती. साली, खरकटं, माशांचं पाणी, सगळं तिच्या बुंध्याशी जायचं. याला कंपोस्टिंग म्हणतात हे आईला शेवटपर्यंत कळलं नाही. मी मात्र पैसे मोजून अर्धा किलो गांडुळं आणली. सिंकखाली क्रेट, त्यात काथ्याचा भुसा, फाडलेली वर्तमानपत्रं, वर ओलं गोणपाट. गांडूळ रोज स्वतःच्या वजनाच्या निम्म्यापर्यंत खातं म्हणतात, म्हणजे पाव किलो ओला कचरा घरातच जिरला. हिशेब चोख. फक्त तो गोव्याच्या स्वयंपाकघरासाठी कुणी केलेला नाही. माशांची डोकी आणि सुंगटांची, म्हणजे कोळंबीची, टरफलं क्रेटमध्ये घातली तर वासाने आम्हालाच घर सोडावं लागेल. आमसुलं आणि लिंबू आंबट, म्हणून वर्ज्य. कांदा-लसूण नको, तेलकट नको, खारट नको. उरतं ते सोमवार-गुरुवारचं शिवराक, म्हणजे शाकाहारी. ‘‘घरात शिवराक तेवढी तीच,’’ बायको म्हणते, ‘‘आणि त्यांच्यासाठी दुधी सोलायचा मी.’’

पहिल्या मोठ्या पावसाच्या रात्री निम्मी मंडळी क्रेटमधून बाहेर पडली. सकाळी दार उघडलं तर काका उभे. हातात खराट्याची काडी, काडीवर एक गांडूळ.

‘‘हे तुमचं?’’

नाही म्हणायची सोय नव्हती. त्याचे दोन भाऊबंद माझ्याच उंबरठ्यावरून जिन्याकडे निघाले होते.

‘‘किती आहेत?’’

‘‘हजारेक असतील,’’ मी खाली मान घालून म्हणालो.

काकांचा चेहरा असा उजळला की मी घाबरलो. ‘‘सर, मग मूठभर द्या ना. गरीला लावायला.’’

1 जून ते 31 जुलै ट्रॉलर बंद. बाजारात बांगड्याचा भाव ऐकून माणूस नदीकडेच वळतो, आणि काकांची गरी तर पाऊस लागला की खांडेपार नदीवर असतेच. ‘‘पूर्वी माडाच्या मुळात कोयता मारला की ओंजळभर निघायची. आता जिथेतिथे पेव्हर. गांडुळाने यायचं कुठून?’’ हे मात्र खरं.

‘‘पण काका, ही पाळलेली आहेत.’’

‘‘मग? कोंबडे काय आम्ही रानातून आणून खायचो?’’

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. पंचवीस दिली. त्यातली अकरा परत.

‘‘बारीक आहेत हो. गरीला लावायची म्हणजे सुईत दोरा ओवण्यासारखं. आणि टोचलं की पिवळा रस सोडतात. वास मारतो.’’

मी मास्तरकी सुरू केली. म्हटलं, ही आयसेनिया फेटिडा. फेटिडा म्हणजेच वास मारणारी. शत्रूने तोंडात धरू नये म्हणून ती हा रस सोडते.

‘‘नावातच लिहिलंय तर आधी नको का सांगायला?’’ काका खरोखर रागावले. ‘‘तीन तास पावसात बसलो मी. एक नुस्तं, एक मासा फिरकला नाही. खायला काय घालता यांना?’’

‘‘दुधीच्या साली. चहाचा चोथा. अंड्याची टरफलं कुटून.’’

‘‘अरे देवा! शिवराक गांडुळाला नुस्तं लागेल कसं, मरे?’’

अंड्याचं टरफल तरी धरा, असं मी म्हणणार होतो. 1881 साली डार्विनने गांडुळांवर अख्खं पुस्तक लिहिलं. त्यांना ऐकू येतं का बघायला मुलाला बासून नावाचं वाद्य फुंकायला लावलं, आणि ती ढिम्म हलली नाहीत. कुंड्या पियानोवर ठेवून सूर वाजवला तेव्हा मात्र हादऱ्याने बिळात पळाली. त्या म्हाताऱ्याने त्यांच्यासाठी एवढं केलं, आणि इथे तीन तासांत निकाल!

बरं, काकांचं सोडा. परवा सोसायटीच्या फळ्यावर नोटीस लागली: ‘सदनिकेत सरपटणारे प्राणी पाळू नयेत.’ नाव नाही, पण सगळे माझ्याच दाराकडे बघतात. याच इमारतीतले निदान दोघे भल्या पहाटे स्कूटरला पिशवी लटकवून निघतात आणि वळणावर भिरकावतात. डायपर, नारळ, कोंबडीची पिसं, सगळं एकाच गाठीत. मग गुरं आणि कुत्री ती रस्ताभर करतात. त्यांच्यासाठी फळ्यावर जागा नाही. चार डब्यांत चार तऱ्हेचा कचरा वेगळा करणारा मी, आणि नोटीस मला.

डब्याचं झाकण उघडलं. एक गांडूळ अर्धवट तुटलेलं.

‘‘त्याचे आता दोन होतील,’’ काका म्हणाले. ‘‘म्हणजे बारा धरा.’’

‘‘होत नाहीत दोन. नशीब असेल तर डोक्याकडचं जगतं.’’

‘‘बरं, अकरा.’’ त्यांनी हात पुढे केला. ‘‘डबा द्या. आमचा आहे. हिला चवथीला लागतो.’’

मी गांडुळं तळहातावर ओतून घेतली आणि डबा दिला. तेवढ्यात समोरच्या वहिनींनी दार उघडलं.