नियम करणाऱ्या साहेबांना अनाहूत सल्ला

साहेब, तुम्ही एखाद्या खात्याचे, कंपनीचे किंवा गेला बाजार एखाद्या संघटनेचे नियम लिहायला बसला आहात आणि बायकांना एक पायरी खाली ठेवायचं आहे, असं गृहीत धरू या. लाजू नका. तुमच्या आधी भल्याभल्यांनी हे काम केलेलं आहे. ते कोर्टात कुठे आपटले तेवढं पाहून ठेवा, म्हणजे तुमचा नियम निदान एक पिढी टिकेल.

‘बाईला कमी’ असं कागदावर कधीही लिहू नये. पदाचं नाव वेगळं ठेवावं. एअर इंडियाला हे झकास जमलं होतं. विमानातला पुरुष ‘असिस्टंट फ्लाइट पर्सर’, तो ५८ व्या वर्षी निवृत्त. बाई ‘एअर होस्टेस’, ती ३५ व्या वर्षी. वरिष्ठांची मर्जी असेल तर ४५ पर्यंत. नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न केलं तर त्याआधीच घरी, आणि पहिल्यांदा दिवस गेले तरी घरी. १९८१ मध्ये नर्गेश मिर्झा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गरोदरपणाची अट आणि वरिष्ठांची मर्जी उडवली खरी, पण पदंच वेगळी असल्यामुळे तुलनेचा प्रश्न येत नाही, हे मानलं. चार वर्षांच्या लग्नबंदीला तर हातही लावला नाही. तिच्यामुळे मुलींची तब्येत सुधारते आणि कुटुंबनियोजनाला हातभार लागतो, असं न्यायमूर्तींचं मत पडलं. एवढी कल्पकता कंपनीच्या वकिलालाही सुचली असती की नाही, शंका आहे.

नावात फरक करताना काम मात्र एकच ठेवू नका. मॅकिनन मॅकेन्झी कंपनी तिथे फसली. तिने बायकांना ‘कॉन्फिडेन्शियल लेडी स्टेनोग्राफर’ असं भारदस्त नाव दिलं आणि पगार पुरुष स्टेनोपेक्षा कमी दिला. १९८७ मध्ये कोर्टाने विचारलं, टंकलेखन तेच, लघुलिपी तीच, मग फरक कसला? कंपनीने परवडत नसल्याचंही सांगून पाहिलं. पण १९७६ च्या समान वेतन कायद्यात मालकाच्या खिशाची चौकशी करायची सोय नव्हती.

तेव्हा खरा भरवशाचा शब्द म्हणजे ‘काळजी’. हुकूम म्हटला की बाई कोर्टात जाते, काळजी म्हटलं की बिचारीला आधी स्वतःचीच लाज वाटते. परराष्ट्र सेवेचे १९६१ चे नियम या दृष्टीने अभ्यासण्यासारखे आहेत. महिला अधिकाऱ्याने लग्नाआधी सरकारची लेखी परवानगी घ्यायची. लग्नानंतर घरसंसारामुळे कामात अडथळा येईल असं सरकारला वाटलं, तर राजीनामा द्यायचा. विवाहित स्त्रीला नेमणुकीचा हक्क म्हणून नाहीच. सी. बी. मुथम्मा या सेवेत आलेल्या पहिल्या भारतीय स्त्री. बढती नाकारली म्हणून त्या थेट सर्वोच्च न्यायालयात गेल्या. इथे सरकारने जे केलं ते जपून ठेवा: खटला चालू असतानाच त्यांना बढती देऊन टाकली आणि नियमही मागे घेत असल्याचं सांगितलं. बाईंची तक्रार संपली, अर्ज निकाली निघाला. फक्त न्यायमूर्ती कृष्ण अय्यर गप्प बसायला तयार नव्हते. घरसंसारामुळे बाईच्या कामात अडथळा येत असेल तर पुरुषाच्याही येऊ शकतो, असं त्यांनी १९७९ च्या त्या निकालात लिहून ठेवलं. पुरुषालाही घर असतं, ही बाब नियम करणाऱ्यांपैकी कुणाच्याच लक्षात आली नव्हती.

काळजीचा कळस पाहायचा असेल तर भारतीय दंड संहितेचं कलम ४९७ पाहा. व्यभिचारात शिक्षा फक्त परपुरुषाला होती, बाईला नाही. १९५४ मध्ये कोर्टाने याला स्त्रियांसाठीची विशेष तरतूद म्हणून पसंती दिली. आता नवऱ्याची संमती असेल तर गुन्हाच घडत नव्हता, म्हणजे कायदा नक्की कशाचं रक्षण करत होता, हे शेजारच्या शेतात गुरं घुसल्याचा दावा लावणाऱ्याला विचारा. १९८५ मध्ये सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूडांनी ते कलम पुन्हा उचलून धरलं. २०१८ मध्ये पाच न्यायमूर्तींनी ते रद्द केलं, आणि त्या पाचांत त्यांचे चिरंजीव धनंजय चंद्रचूड होते. तेव्हा नियम लिहिताना मुलांच्या शिक्षणावर फार खर्च करू नका, एवढंच सुचवतो.

काळजी पुरली नाही तर दोष तिसऱ्यावर ढकला. लष्करात बायकांना कायम नेमणूक आणि कमांड, म्हणजे तुकडीचं नेतृत्व, का नको? तर ग्रामीण भागातून आलेले जवान बाईचा हुकूम घ्यायला मनाने तयार नाहीत, असं सरकारने सर्वोच्च न्यायालयात सांगितलं. त्या जवानांना कुणी विचारलं होतं, आणि त्यांच्या घरी हुकूम कुणाचा चालतो, हे तपशील अनावश्यक आहेत. फेब्रुवारी २०२० मध्ये कोर्टाने हे ऐकून घेतलं नाही. पण शिकण्यासारखं वेगळंच आहे: कायम नेमणुकीबाबत दिल्ली उच्च न्यायालयाचा निकाल २०१० मध्येच बायकांच्या बाजूने लागला होता, त्याला स्थगिती नव्हती, आणि तरीही सरकारने दहा वर्षं काढली.

दहा वर्षांनीही हरलात तर निकाल मान्य करा आणि कसोटी लावा. कायम नेमणुकीसाठी पुरुष अधिकाऱ्यांना पंचवीस-तिशीत लागलेला शारीरिक तंदुरुस्तीचा निकष लष्कराने चाळीस-पन्नाशीच्या बायकांना लावला. निकष सगळ्यांना एकच, यात भेदभाव कुठे? २०२१ मध्ये कोर्टाने त्याला अप्रत्यक्ष भेदभाव म्हटलं. पण आणखी एक वर्ष तर निघालं!

जुन्या मालाची लाज बाळगू नका. १८८७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रखमाबाईंना नवऱ्याकडे नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात, असं सांगितलं. बाई तुरुंगात जायला तयार झाल्या. अखेर १८८८ मध्ये नवऱ्याला २,००० रुपये देऊन तडजोड झाली, त्या लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या. तरी नांदायला बोलावण्याचा दावा गेला नाही, १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात कलम ९ म्हणून आला. आंध्र उच्च न्यायालयाने १९८३ मध्ये ते घटनाबाह्य ठरवलं, सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये वैध ठरवलं.

आणि अगदीच काही जमलं नाही, तर नुसतं थांबा. लष्करी परिचर्या सेवेतल्या एका अधिकाऱ्याला १९८८ मध्ये लग्न केलं म्हणून सेवेतून काढलं. तो नियम सरकारने १९९५ मध्ये स्वतःच मागे घेतला, तिच्याशी भांडण मात्र सोडलं नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला ६० लाख रुपये द्यायला सांगितलं. पैसे देण्यासाठी सरकारला मुदत मिळाली आठ आठवड्यांची.