कच्च्या भाताचे आठशे पंच्याण्णव

भाताला कणी राहिली होती. माझं म्हणणं एवढंच आहे. पण शनिवार रात्रीपासून घरात मला ते धड बोलूही दिलं जात नाही, कारण लेकीच्या पहिल्या पगाराची पार्टी होती आणि असल्या पार्टीत खोट काढायची नसते, असं नवरा आणि मुलगा दोघांनी मिळून ठरवून टाकलंय.

पुण्यातलं नावाजलेलं इटालियन रेस्टॉरंट. आठचं टेबल मिळालं ते साडेनऊला सोडण्याच्या बोलीवर. साधं पाणी मागितलं तर काचेची सीलबंद बाटली आली, तिची किंमत बिलात कळली. टेबलं इतकी जवळजवळ, की शेजारच्याने कोपर हलवलं तर आपला चमचा खाली. लेक म्हणाली, आई, तुला भात आवडतो ना, मग रिझोटो घे, केशराचा, मिलानची खासियत आहे. घेतला.

परातीएवढ्या पांढऱ्या ताटलीच्या मधोमध मूठभर पिवळा भात आला. दिसायला देखणा. पहिला घास घेतला आणि दाताखाली करकर. दुसरा घेतला, तीच करकर. वरून लोणी, चीज, केशर, सगळा थाटमाट. आत तांदूळ थेट पोत्यातला.

माझ्या मामेबहिणीच्या लग्नात मसालेभाताला अशीच कणी राहिली होती. वरपक्षाच्या आत्याबाईंनी आचाऱ्याला भर मांडवात बोलावलं, तोच भात त्याच्या हातावर ठेवला आणि म्हणाल्या, खा. आचाऱ्याने खाल्ला आणि मान खाली घालून चुलीकडे परत गेला. हा भात असाच असतो, तुम्हालाच खाता येत नाही, असं तो आत्याबाईंना म्हणाला नाही. म्हणाला असता तर लग्न मोडलं असतं.

"मॅम, हा अल देन्ते आहे," वेटर म्हणाला. म्हणजे दाताला जरा लागेल इतपतच शिजवलेला. पोरगा गोड होता.

"बाळा, हा कच्चा आहे."

"येस मॅम, अल देन्ते."

हे बराच वेळ चाललं. लेकीने टेबलाखाली माझा पाय दाबला. तेवढ्यात डावीकडून आवाज आला, "असाच असतो हो तो!"

शेजारच्या टेबलावरच्या काकू. पासष्टीच्या घरातल्या, कुर्त्यावर पैठणीच्या काठाचं जॅकेट, चष्म्याला मोत्यांची साखळी. समोर काका, सुपात मान घालून बसलेले.

"आम्ही मे महिन्यातच जाऊन आलो ना इटलीला," काकू खुर्चीसकट माझ्याकडे वळल्या. "रोम, फ्लॉरेन्स, पिसा, व्हेनिस, मिलान. पाच दिवसांत अख्खी इटली. तिकडे सगळं जरा कच्चंच खातात."

"तिथे रिझोटो खाल्लात तुम्ही?"

"छे हो! आमच्या टूरबरोबर महाराज होते. रोज रात्री गरम वरणभात, वर तूप, लिंबू. मिलानला चतुर्थी आली तर साबुदाण्याची खिचडी केली त्यांनी! पिसाला मनोऱ्याच्या बाजूला उभं राहून पुरणपोळी खाल्ली आम्ही. हो ना हो?"

काकांनी मान हलवली. ती पुरणपोळीसाठी होती की सुपासाठी, ते कळलं नाही.

"मग हा असाच असतो हे कसं कळलं?"

"दिसतं ना! लोक रस्त्यावर टेबलं मांडून खात बसलेले असतात. आम्ही बसमधून बघायचो."

चालत्या बसमधून दाण्याची कणी दिसते ही माहिती मी पचवत होते, तोवर काकूंनी "बघू एक घास" म्हणत स्वतःचा काटा माझ्या ताटलीत घातला. डोळे मिटून बराच वेळ चावलं. चावावंच लागत होतं. मग डोळे उघडून निकाल दिला, "करेक्ट. हीच ती चव."

मॅनेजर आला तेव्हा काकूंनीच त्याला प्रकरण समजावून सांगितलं. "यांना सवय नाहीये," त्या म्हणाल्या. मॅनेजरने माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. "हा ऑथेंटिक आहे मॅम. काही गेस्टना जरा वेळ लागतो."

काही गेस्ट! हे 'काही गेस्ट' अजून माझ्या घशात आहे, त्या भाताच्याही वर.

रात्री झोप येईना म्हणून मी मोबाइलवर इटालियन बायका रिझोटो कसा करतात ते बघत बसले. आर्बोरिओ किंवा कार्नारोली जातीचा बुटका, पिठूळ तांदूळ लोण्यावर परतायचा, मग गरम सूप डावाडावाने घालत पंधरा-अठरा मिनिटं त्याच्यापाशी उभं राहायचं. तांदळातला स्टार्च सुटून सगळं सरसरीत होतं, ताटली हलवली तर भात लाटेसारखा सरकतो. दाणा जरा ताठ राहतो, मान्य. करकरत नाही. मोठ्या हॉटेलांत मात्र हा भात आधीच अर्धा शिजवून ट्रेमध्ये पसरून ठेवतात आणि ऑर्डर आली की शेवटची काही मिनिटं शिजवून पुरा करतात. माझी ती शेवटची मिनिटं गेली कुठे? टेबलाचा हिशोब नव्वद मिनिटांचा, मग भातासाठी वेळ काढायचा कुठून! युरोपात सगळ्यात जास्त तांदूळ इटलीत पिकतो. त्या लोकांना भात शिजवता येत नाही, ही बदनामी इथे बसून ऑथेंटिकच्या नावाखाली चालली आहे.

बिल आलं. त्यात दहा टक्के सर्व्हिस चार्ज आणि त्या चार्जवरही जीएसटी. आता हा चार्ज बिलात आपोआप लावायचा नाही, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्येच सांगितलंय. हॉटेलवाल्यांच्या संघटना त्याविरुद्ध कोर्टात गेल्या आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांच्या याचिका फेटाळल्या. तरी बिलात आहेच. मेनूच्या शेवटच्या पानावर मुंगीच्या अक्षरात आधीच छापलेलं होतं म्हणे. तक्रारीसाठी १९१५ हा नंबर आहे, तोही मला पाठ आहे. चार्जवर बोट ठेवून मी तोंड उघडलं, तर लेक म्हणाली, "आई, प्लीज." पहिल्या पगाराचं कार्ड तिच्या हातात होतं आणि चेहरा असा, की मी तोंड मिटलं. सेवा कसली, तर मला भात खाता येत नाही हे तिघांनी मिळून पटवण्याची. तिचे दहा टक्के माझ्या पोरीने भरले. मशीनमधून कागद आला.

तोवर शेजारी काकूंचं बिल आलं. त्यांनी चष्मा चढवला, वरून खालपर्यंत वाचलं आणि मॅनेजरला बोटाने जवळ बोलावलं. "हा सर्व्हिस चार्ज काढा."

"शुअर मॅम," तो म्हणाला आणि हसत बिल घेऊन गेला.

मी बघतच राहिले.

"आम्ही दरवेळी काढायला लावतो," काकू माझ्याकडे वाकून म्हणाल्या. "नुसतं म्हणायचं असतं हो. आणि इथे आलात ना, तर सूप आणि गार्लिक ब्रेडच घेत जा. बाकीचं आम्ही कधी मागवतच नाही. कच्चं असतं."