‘द थिन मॅन’ म्हणजे निक चार्ल्स नव्हे

‘द थिन मॅन’ या १९३४च्या चित्रपटाबद्दल एक समज सतत पुढे पाठवला जातो: नावातला ‘सडपातळ माणूस’ म्हणजे विल्यम पॉवेलने साकारलेला गुप्तहेर निक चार्ल्स. हे चूक आहे. (चित्रपट पाहिला नसेल तर इथेच थांबा, पुढे रहस्य फुटणार आहे.)

तो माणूस म्हणजे क्लाइड वायनंट, बेपत्ता झालेला संशोधक. चित्रपट ज्यावर बेतला, त्या डॅशिएल हॅमेटच्या त्याच वर्षीच्या कादंबरीतही तसंच आहे. सगळे ज्याला खुनी समजून शोधत असतात, त्याचाच खून झालेला असतो. प्रेत कुणा लठ्ठ माणसाचं वाटावं म्हणून खुन्याने सोबत मोठ्या मापाचे कपडे ठेवलेले असतात. म्हणजे वायनंटचा सडपातळपणा हीच रहस्याची किल्ली. शीर्षकात इतकी उघड खूण ठेवणं ही हॅमेटची कमाल आहे, आणि नाव निकला चिकटवलं की नेमकी तीच मजा हरवते. मला याचं मनापासून वाईट वाटतं.

गोंधळाला कारणंही आहेत. कादंबरीच्या पहिल्या आवृत्तीच्या वेष्टनावर खुद्द सडपातळ हॅमेटचाच फोटो होता. शिवाय पॉवेल आणि निकच्या बायकोची, नोराची भूमिका करणारी मिर्ना लॉय यांची जोडी इतकी गाजली, की १९४७पर्यंत आणखी पाच चित्रपट निघाले आणि प्रत्येकाच्या नावात ‘थिन मॅन’ कायम राहिला. वायनंट पहिल्याच भागात संपला होता, त्यामुळे ते नाव आपोआप निकचं झालं.

आणि त्या पुढच्या पाच चित्रपटांमागे हॅमेटच्या कादंबऱ्या नाहीत. निक-नोरावर त्याने लिहिलेली कादंबरी एकच.