दुर्मीळ पक्षी बघायला नांदूरमध्यमेश्वरच गाठावं लागतं का?

थंडीची चाहूल लागली की नाशिकच्या व्हॉट्सॲप गटांवर दरवर्षी साधारण एकच सल्ला फिरतो: दुर्मीळ स्थलांतरित पक्षी पाहायचे तर डिसेंबर-जानेवारीत नांदूरमध्यमेश्वरला जा, सैबेरियाहून आलेले फ्लेमिंगो बघा, मोठ्या लेन्सचा कॅमेरा न्या, ओळख ॲप सांगेल, शहरात कावळे-कबुतरांशिवाय काही उरलेलं नाही.

नांदूरमध्यमेश्वरचं कौतुक रास्तच आहे. गोदावरी-कादवेच्या संगमावरचं हे पाणथळ राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, आहे. बाकीचा सल्ला मात्र नवख्या माणसाला चुकीच्या वाटेला लावतो.

‘डिसेंबर-जानेवारीतच जा.’ बदकांपुरतं हे खरं. तलवार बदक, थापट्या, चक्रांग तेव्हा भरपूर असतात. पण करडा धोबी आणि हिरवी तुतारी ऑगस्टअखेरीसच ओढ्या-नाल्यांवर हजर होतात, भोरड्यांचे थवेही त्याच सुमारास येऊ लागतात. खरे दुर्मीळ पाहुणे तर बहुतेकदा वाटसरू असतात. युरोपीय नीलपंख आफ्रिकेकडे जाताना सप्टेंबर-ऑक्टोबरात आपल्या माळरानांवर थांबतो, अमूर ससाणा साधारण नोव्हेंबरात वरून निघून जातो. मुक्काम थोडा असतो, म्हणून ते डिसेंबरच्या सहलीत सापडत नाहीत.

पाण्याची पातळीही बघावी लागते. धरण काठोकाठ भरलेलं असताना चिखल उघडा नसतो, त्यामुळे उथळ पाण्यात चरणारे टिलवे आणि तुताऱ्या कमी दिसतात. आवर्तन (कालव्यातून शेतीसाठी सोडलेलं पाणी) सुटून पातळी उतरली की काठ मोकळा होतो आणि ते तिथे चरायला येतात. गंगापूर धरणाच्या फुगवट्यालाही हेच लागू. तिथे सकाळी पूर्वेच्या काठावर उभं राहा. सूर्य पाठीशी असेल तर रंग दिसतात, नाहीतर प्रत्येक बदक काळंच.

‘शहरात काही नाही.’ हा दावा सगळ्यात जास्त नुकसान करतो. ऑक्टोबरपासून सोसायटीच्या कुंपणावर शेपूट थरथरवणारा थिरथिरा बसतो, आंब्याच्या फांदीवरून लाल कंठाची माशीमार ‘टर्रर्र’ करते, नासर्डीच्या काठावर धोबी पळत असतात. पांडवलेणीचा उतार, चामरलेणी, सोमेश्वरजवळचा नदीकाठ यांतली घराला जवळची एकच जागा निवडा. साधारण एक किलोमीटरचा ठरावीक रस्ता, आठवड्यातून एकदा, सूर्योदयानंतरच्या दोन तासांत. दर वेळी प्रत्येक जातीची संख्या लिहा, अगदी साळुंक्यांचीसुद्धा. कंटाळवाणं वाटेल, पण दुर्मीळ पक्षी ओळखू येतो तो नेहमीच्या पक्ष्यांत न बसणारा म्हणून. हिवाळ्यात पिवळा धोबी आणि पिवळ्या डोक्याचा धोबी दोघेही फिकट असतात. दुसऱ्याच्या पंखावर दोन ठळक पांढरे पट्टे असतात आणि भुवईची फिकट रेघ गालाला पूर्ण वळसा घालते. पहिला शंभरदा पाहिलेल्यालाच हा वळसा चटकन खटकतो.

‘मोठा कॅमेरा हवा.’ आधी दुर्बीण हवी, ८×४२ ची, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी आणि ४२ मिलिमीटरच्या भिंगांची. वीसपट दाखवणारी घेऊ नका. हात थरथरतो, दृश्य अरुंद होतं, फांदीवरचा पक्षी सापडेपर्यंत उडून जातो. नवी दुर्बीण स्वतःच्या डोळ्यांना जुळवून घ्यावी लागते, ते बरेच जण करत नाहीत. उजवी भिंग झाकून मधल्या चाकाने डाव्या डोळ्याला चित्र स्पष्ट करा. मग डावी झाकून, मधलं चाक न हलवता, उजव्या नेत्रिकेची (डोळ्याला लावायच्या भागाची) कडी फिरवा. चष्मा असेल तर रबरी कप खाली दाबा, नाहीतर दृश्याच्या कडा कापल्या जातात.

‘ओळख ॲप सांगेल.’ मर्लिनसारखं ॲप उपयोगी आहे, पण ते पर्याय सुचवतं, निकाल देत नाही. कोतवाल शिक्र्याच्या, म्हणजे एका छोट्या शिकारी पक्ष्याच्या, आवाजाची हुबेहूब नक्कल करतो आणि ॲप शिक्रा नोंदवून मोकळं होतं. माणसंही फसतात: कचरा डेपोवरची घार ‘गरुड’ म्हणून फिरते, कारण शेपूट पूर्ण पसरली की तिची खाच दिसत नाही. गव्हाणी घुबडाची पिल्लं तर ‘परदेशी दुर्मीळ पक्षी’ म्हणून दरवर्षी बातमीत येतात. तो आपल्याच इमारतींत राहणारा पक्षी आहे.

फ्लेमिंगोंचं थोडक्यात: भारतातली त्यांची मोठी वीण कच्छच्या रणात होते, सैबेरियात नव्हे.

काही वेगळं दिसलंच तर आधी चोच, पाय, पंखावरचे पट्टे आणि शेजारच्या ओळखीच्या पक्ष्याच्या तुलनेत आकार लिहून घ्या, मग पुस्तक उघडा. उलट क्रमाने गेलात तर पुस्तकातलं चित्रच दिसू लागतं. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर नोंदवताना वेळ, अंतर, प्रकाशाची दिशा आणि ‘सारखी दिसणारी नेहमीची जात का नाही’ हे एका ओळीत द्या. घरटं किंवा घुबडाची ढोली असेल तर नेमकं ठिकाण कुठल्याच गटावर टाकू नका, आणि जवळ बोलावण्यासाठी मोबाइलवर आवाज वाजवू नका: विणीच्या काळात नर पिल्लं सोडून त्या आवाजामागे धावत राहतो.