४५ मिनिटं म्हणे!

घटस्थापना परवावर आलीय, दुकानात नऊ रंगांच्या साड्यांचा ढीग पडलाय, त्यात दोन पैठण्या. आणि सकाळी शटर वर करून हातात घेतलं तर हे व्हॅक्यूम क्लीनरचं ध्यान एकदा घुर्रर्र करून गप्प. लाल दिवा तीनदा लुकलुकला, खेळ खलास. रात्रभर चार्जिंगला होतं हो! रात्रभर!

माझं फॉल-पिकोचं दुकान आहे, दहा बाय बारा. कचरा म्हणजे दोरे, कतरण, खडूची पूड आणि मशीनखाली साचतो तो राखाडी कापूस. केरसुणी फिरवली की तो कापूस उडतो आणि शोधून शोधून कुणाच्या तरी क्रीम साडीवर जाऊन बसतो. म्हणून गेल्या वर्षी गणपतीत हौसेने बिनवायरचा व्हॅक्यूम घेतला. सात हजार मोजले. दसऱ्याला शिलाई मशीनबरोबर त्यालाही झेंडूची माळ घातली, हळदकुंकू वाहिलं. काय बुद्धी झाली होती कोण जाणे.

खोक्यावर ठळक अक्षरांत लिहिलंय, ४५ मिनिटं चालतो. माझा मुलगा अकरावी सायन्सला आहे. त्याने खोकं उलटं केलं. मागे बारीक अक्षरांत २२.२ व्होल्ट, २२०० एमएएच (म्हणजे २.२ अँपिअर-अवर), मोटर १५० वॅट. म्हणाला, आई, गुणाकार कर. बॅटरीत साधारण ४९ वॅट-अवर मावतात, त्याला १५०ने भागलं की तासाचा जेमतेम तिसरा हिस्सा. म्हणजे २० मिनिटं, तीही कोऱ्या बॅटरीत! मग ४५ कुठून आली? तर सगळ्यात हळू स्पीडवर, आणि फिरणारा ब्रश न लावता. त्या स्पीडवर हा खडूची पूडसुद्धा उचलत नाही, दोऱ्याची तर बातच सोडा. एकाच खोक्याच्या दोन बाजू एकमेकींना खोटं पाडतात आणि कुणाला काही वाटत नाही.

तसंच खोक्यावरचं ते १२,००० पास्कल, म्हणजे ओढण्याचा जोर. आकडा ऐकून वाटतं, आता फरशीसकट उचलणार. २० सेंटिमीटरच्या नळीतून पाणी वर ओढायचं तर तोंडानेही साधारण २,००० पास्कल लावावे लागतात, म्हणजे हे त्याच्या फक्त सहापट. आणि व्हॅक्यूमचा हा आकडा मोजतात नळीचं तोंड बंद करून, म्हणजे आत हवाच येत नसताना! कचरा उचलते ती वाहती हवा. ती किती वाहते, ते खोक्यावर कुठेच नाही.

बरं, ब्रश लावला तर काय होतं ते सांगते. दोन मिनिटांत रोलर थांबतो. उलटा करून बघावा तर त्यावर अख्खं नवरात्र गुंडाळलेलं. पिवळा, हिरवा, राखाडी, केशरी, सगळे दोरे एकावर एक घट्ट, वर माझ्या केसांची वीण. रोलरच्या दोन्ही टोकांना बेअरिंगच्या खाचेत तर दोऱ्याची अशी चकती बसते की नखाने निघत नाही. मग दोरे काढायची कात्री घ्या, टोक आत घाला, ब्रशचे केस कापले जाणार नाहीत असं जपून एकेक फेरा उसवा. वीस मिनिटं. दुकान झाडायला सात मिनिटं लागायची मला, सात!

फिल्टरचं आणखी वेगळं. म्हणे धुता येतो. येतो की! पण धुतल्यावर २४ तास वाळवा असं पुस्तिकेत लिहिलंय, आणि खोक्यात फिल्टर एकच. श्रावणात नाशिकला एका दिवसात रुमाल वाळत नाही, हा चुण्यांचा फिल्टर कुठला वाळतोय? एकदा घाईत ओलसरच बसवला. दुकानात असा कुबट वास सुटला की एक काकू साडीची पिशवी छातीशी धरून दारातच उभ्या राहिल्या.

हे सगळं सोसलं मी. पण बॅटरी! वॉरंटी बारा महिन्यांची, बॅटरी गेली तेराव्यात. कस्टमर केअरला लावला फोन. अठरा मिनिटं तीच पिपाणी ऐकली. मग एक मुलगी गोड आवाजात, "मॅम, त्या मॉडेलची बॅटरी आता येत नाही. नवीन मॉडेलवर तुम्हाला दहा टक्के सूट देऊ शकतो." मी म्हटलं, नवीन मॉडेलची बॅटरी यात बसेल का? "नाही मॅम." अडॅप्टर तरी तोच चालेल? "नाही मॅम." अगं, मोटर ठणठणीत आहे, नळी ठणठणीत आहे, एका वितभर डब्यासाठी सगळं टाकून देऊ?

मोबाइल दुरुस्तीवाल्या दादाकडे नेला. त्याने पॅक उघडला. स्क्रू नाहीतच, चिकटवलेला, पातं घालून फोडावा लागला. आत बोटाएवढे सहा सेल, निळ्या कागदात गुंडाळलेले, पत्र्याच्या पट्टीने एकाला एक जोडलेले. त्याने मीटर लावला. पाच सेल ३.९, ३.९, ३.९ दाखवतायत, आणि सहावा १.२ व्होल्ट. "ताई, पाच जिवंत आहेत, एक मेलाय. पण माळ एकच ना, एक गेला की आतलं सर्किट सगळ्यांनाच बंद करतं." एकच बदल म्हटलं तर मान हलवली. नवा सेल जुन्यांत टाकला तर ताळमेळ बसत नाही, चार्जिंगला गरम होईल, कापडाच्या दुकानात ही जोखीम नको म्हणाला. ते मात्र पटलं. त्याने पैसेही घेतले नाहीत.

टाकावा तरी कुठे? घंटागाडीवाल्याने फोडलेला पॅक बघून हात मागे घेतला, आणि बरोबरच केलं त्याने, असल्या बॅटऱ्या कचऱ्यात चेपल्या की पेट घेतात. सध्या ते सहा सेल चिकटपट्टी लावून खणात पडलेत, शेजारी कशालाच न बसणारा अडॅप्टर. आज ओलं फडकं फिरवलं फरशीवर, कापूस उडाला नाही, नऊ मिनिटांत मोकळी.

मघाशी फुलवाला विचारून गेला, दसऱ्याला गेल्या वर्षीसारख्या दोन माळा ना ताई? म्हटलं, एकच.