खिडकी नंबर 993

मी एकतीस वर्षं आवक-जावक टेबलावर काढली. अर्ज मराठीत, रजिस्टरातली नोंद कन्नडमध्ये आणि साहेबांचा शेरा इंग्रजीत, अशी आमच्या बेळगावची तिहेरी व्यवस्था. "हे इथं नाही, पलीकडच्या खिडकीवर जावा" हे वाक्य मी दोन्ही भाषांत झोपेतसुद्धा म्हणतो, असं आमच्या मंडळींचं म्हणणं आहे. त्यामुळं पुण्याच्या भाच्यानं सुट्टीत येऊन माझ्या संगणकावर थंडरबर्ड नावाचा मेलचा प्रोग्राम टाकला आणि जाता जाता "मामा, इनकमिंग आणि आउटगोइंग, दोनच सर्व्हर भरायचेत" म्हणाला, तेव्हा मला हसूच आलं. आवक आणि जावक! मला शिकवतोय!

हौस माझीच होती. पावसाळ्यात टिळकवाडीत नेट कधी जाईल याचा भरवसा नसतो. मेल एकदा संगणकात उतरवून घेतल्या, की नेट गेलं तरी वाचत बसता येतं. पण माझा पत्ता आमच्या निवृत्तांच्या संघाच्या डोमेनवरचा. प्रोग्रामनं आपणहून सेटिंग हुडकायचा प्रयत्न केला आणि हात वर केले. म्हणजे सगळं हातानं भरणं आलं.

फोनवर भाचा म्हणाला, "आवकच्या सर्व्हरच्या नावात आधी आयमॅप लिहा, मग डॉट." मी लिहिलं. सर्व्हर सापडेना. पाऊण तासानं त्यानं स्क्रीनचा फोटो मागवला, तेव्हा कळलं की 'आय' म्हणून मी इंग्रजीतला डोळा लिहिला होता, तिन्ही अक्षरांनिशी. तो बराच वेळ काही बोलला नाही. बहुधा फोन बाजूला धरून हसत असावा.

मग पोर्ट. पोर्ट म्हणजे सर्व्हरच्या दाराच्या खिडक्या. आयमॅप आणि पॉप या मेल आणायच्या दोन पद्धती. आवक आयमॅपची असेल तर 993, पॉपची असेल तर 995. जुन्या, उघड्या कारभाराच्या 143 आणि 110. मी 143 वर जाऊन 993 चा शिक्का मागत होतो. पलीकडून उत्तर नाही, नुसतं गोल गोल फिरणारं चक्र. माझ्या टेबलासमोर उभ्या राहणाऱ्या माणसांना काय वाटत असेल, ते त्या चक्राकडं बघताना पहिल्यांदा कळलं. 993 केलं तर "लॉगिन चुकलं." युजरनेममध्ये मी नुसतं नाव घातलं होतं, त्याला ॲटपुढच्या डोमेनसकट पूर्ण पत्ता हवा होता. अर्ज अपूर्ण म्हणून परत! हा शेरा मी स्वतः किती जणांना मारलाय, ते आता मोजत नाही.

आवक सुरू झाली. जावक होईना. मी 25 नंबर टाकला, कारण तो सोपा. ती खिडकी सर्व्हरनं सर्व्हरला टपाल द्यायची, आपल्यासारख्यांची नव्हे. मग 465 टाकून खाली सुरक्षेच्या रकान्यात स्टार्टटीएलएस निवडलं. पुन्हा चक्र.

शेवटी शेजारच्या अण्णांचा मुलगा आला. "काका, स्वल्प सरका की." खुर्चीत बसून त्यानं समजावलं. 465 वर पाकीट पहिल्यापासून लाखेनं बंद लागतं. 587 वर आधी उघड्यानं नमस्कार करायचा, मग "आता बंद करूया" म्हणायचं, तेच स्टार्टटीएलएस. तुम्ही बंद पाकीटवाल्या खिडकीवर उघडा नमस्कार घालालाय, तो ऐकणार कसा? त्यानं 587 केलं, एंटर दाबलं. "आयतु!"

जाता जाता तो न्यूजग्रुपचं, म्हणजे युजनेट नावाच्या जुन्या जाहीर चर्चा-फळ्यांचं खातंही जोडून गेला. पोर्ट 119, पासवर्ड काही नाही. एवढा वेळ प्रत्येक दारात ओळखपत्र मागून झाल्यावर इथं कोणी "कोण तुम्ही?" विचारीना, तेव्हा मला उगीच चुकल्यासारखं वाटलं. हे युजनेट 1979-80 सालापासूनचं, म्हणजे मी विजार-शर्टात नोकरीला चिकटलो तेव्हाचं. सोक डॉट कल्चर डॉट इंडियन डॉट मराठी नावाचा ग्रुपही निघाला. उघडला. माणसं कधीच उठून गेलेली, मागं जाहिरातींचा कचरा. लग्न लागून गेलेल्या मंडपासारखं.

तेवढ्यात भाच्याचा फोन. "मामा, चाचणीची मेल आली."

"आली ना? बघ!"

"पाच आल्या."

जावक अडकली की मी दर वेळी 'नंतर पाठवा' दाबत होतो. सवय, दुसरं काय. पाचही पत्रं आउटबॉक्समध्ये गुमान बसून होती आणि रस्ता मोकळा होताच एकदम निघाली.

मी कपाटातलं जुनं कोरं रजिस्टर काढलं. पहिल्या ओळीत लिहिलं: जावक क्र. 1 ते 5, विषय: चाचणी. सौ. खांद्यावरून वाचून म्हणाली, "अहो, कन्नडमध्ये नको काय?"