‘रिपोर्ट चांगला यावा म्हणून गोळी घेऊन जा’ : झोपेच्या तपासणीवरच्या मेसेजला उत्तर

गेल्या महिन्यात एका संध्याकाळी निपाणीकडच्या एक मावशी सुनेला घेऊन आमच्याकडं आल्या. मावशींचं वजन कमी करायचं ऑपरेशन ठरलेलं, त्याआधीची रात्रभराची झोपेची तपासणी करायची होती. डोक्याला चपचपीत खोबरेल, पोटात सकाळपासून अन्नाचा कण नाही, आदल्या रात्री मुद्दाम केलेलं जागरण आणि वर येताना बसमध्येच घेतलेली झोपेची गोळी. हे सगळं कुणी सांगितलं म्हणून विचारलं, तर सुनेनं मोबाइल पुढं केला. "ह्यात लिहिलंय की, सिस्टर."

तो मेसेज आता बेळगाव, खानापूर, चिकोडीकडं भिशीच्या आणि पाहुण्यारावळ्यांच्या ग्रुपवर फिरतो आहे. त्यात लिहिलंय ते थोडक्यात असं: ऑपरेशनआधी झोपेची तपासणी सांगतात ती पैसे काढायची युक्ती. घोरणं म्हणजे गाढ झोप. परक्या जागी वायरी लावून झोप येत नाही, म्हणून रिपोर्ट खोटाच येतो. जावंच लागलं तर आदल्या रात्री जागा आणि गोळी घेऊन जा, रिपोर्ट चांगला येईल. नाहीतर झोपेत हवा देणारी मशीन गळ्यात मारतील, ती जन्मभर सुटत नाही आणि ऑपरेशननंतर तिच्या हवेनं पोटातले टाके फाटतात. आणि वजन उतरलं की घोरणं जातंच.

मावशींची तपासणी त्या रात्री झाली नाही. डॉक्टरांनी पुढची तारीख दिली, ऑपरेशनही लांबलं. मी रात्रपाळीला हीच तपासणी करते, त्यामुळं ह्या मेसेजला उत्तर देणं मला माझं काम वाटतं.

घोरण्यापासून सुरुवात करते. घोरणं म्हणजे अरुंद झालेल्या वाटेनं हवा जाताना घशातला मऊ भाग थरथरतो, त्याचा आवाज. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात. मानेत आणि जिभेत चरबी साठलेली असेल, त्यात माणूस उताणा झोपला असेल, तर ती वाट मध्येच मिटते. झोपेत असा श्वास अडकत राहण्याच्या आजाराला स्लीप अॅप्निया म्हणतात.

ते मिटणं मी रोज पडद्यावर बघते. पडद्यावर एका वेळी ३० सेकंदांचं एक पान दिसतं. वर मेंदूच्या, डोळ्यांच्या, हनुवटीच्या स्नायूच्या ओळी. त्याखाली नाकातला श्वास, छातीवरचा पट्टा, पोटावरचा पट्टा आणि तळाला बोटावरचं सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण. घोरण्याची ओळ जाडजूड चाललेली असते, ती एकदम थांबते. खोलीत शांतता. हा माणूस घरी असता तर बायको म्हणाली असती, चला, आता कुठं नीट झोप लागली. पण नाकाची ओळ सपाट झालेली असते, आणि छाती वर येते तेव्हा पोट आत जातं, पोट वर येतं तेव्हा छाती आत. माणूस श्वास घ्यायला धडपडतोय आणि हवा आत जात नाही. २० सेकंद, ३० सेकंद. थोड्या वेळानं सॅच्युरेशन उतरायला लागतं: ९४, ८८, ८१, ७६. मग मेंदूच्या ओळीत खळबळ, एक मोठा घुरका, आणि श्वास परत सुरू. सकाळी ह्यातलं काहीही त्या माणसाला आठवत नाही. "रात्री मस्त झोपलो," असंच सांगतो, आणि दुपारी जेवून खुर्चीत बसल्या बसल्या पेंगतो.

श्वास किमान १० सेकंद थांबला किंवा फारच तोकडा पडून ऑक्सिजन उतरला किंवा झोप चाळवली, तरच ती घटना मोजली जाते. तासाला अशा ५ पेक्षा कमी घटना असतील तर ठीक, ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, त्यावर गंभीर. तासाला ३० म्हणजे सहा तासांच्या झोपेत १८० वेळा. ह्याला गाढ झोप कशी म्हणायची?

आता पैशाचा मुद्दा. तपासणीला पैसे लागतात आणि आपल्या भागातल्या घरांना ते जड जातात, हे खरं आहे. ज्याच्या घोरण्याची, दिवसा पेंगण्याची काहीच तक्रार नाही अशा प्रत्येकाला रात्रभर दवाखान्यात झोपवायलाच हवं असंही नाही. त्यासाठी आधी आठ प्रश्न विचारतात: मोठ्यानं घोरता का, दिवसा थकवा असतो का, झोपेत श्वास थांबलेला कुणी पाहिलाय का, बीपी आहे का, बीएमआय (उंचीच्या मानानं वजनाचा आकडा) ३५ च्या वर आहे का, वय ५० च्या वर आहे का, गळ्याचा घेर ४० सेंटीमीटरच्या वर आहे का, आणि पुरुष आहात का. तीन ‘हो’ आले की धोका आहे असं धरतात, पाच आले की तो मोठा. काही जणांचं घरी नेऊन लावायच्या छोट्या यंत्रावर भागतं. तेव्हा "मला कुठली तपासणी लागेल आणि का?" हे डॉक्टरांना खुशाल विचारा. पण वजनाच्या ऑपरेशनला येणाऱ्यांत निम्म्याहून जास्त लोकांना हा आजार असतो, आणि त्यातल्या बहुतेकांना तो आहे हे ठाऊकच नसतं.

ही तपासणी मुख्यतः भूल देणाऱ्या डॉक्टरांसाठी असते, आणि ती गोष्ट मेसेजमध्ये कुठंच नाही. भूल दिली की घसा झोपेपेक्षाही सैल पडतो. जाड मानेत श्वासाची नळी घालणं अवघड जाऊ शकतं. ते आधी कळलं असेल तर डॉक्टर त्या तयारीनं उभे राहतात. खरी काळजी त्याच्याही पुढची. दुखणं थांबवायला मॉर्फिनच्या जातीची औषधं दिली तर ती श्वासाची ओढच मंदावतात. एरवी श्वास अडकला की मेंदू दचकून जागा होतो, आणि आपण वाचतो ते त्या दचकण्यामुळं. औषधाच्या गुंगीत ते दचकणंच उशिरा येतं. शिवाय ऑपरेशनच्या पहिल्या रात्री स्वप्नांची झोप जवळजवळ पुसली जाते आणि पुढच्या काही रात्रींत ती भरून काढल्यासारखी जोरात परतते. श्वास सगळ्यात जास्त त्याच झोपेत अडकतो. म्हणजे "आता बरा आहे, साध्या खोलीत हलवा" असं घरचे म्हणतात, तेव्हा धोका टळलेला नसतो. रिपोर्ट हातात असला की गुंगीची औषधं कमी ठेवता येतात, पेशंटला उशाकडनं उंच झोपवतात, बोटाला सॅच्युरेशनचा चिमटा रात्रभर राहतो आणि मशीन खाटेशेजारी तयार असते.

आणि पैशाचंच बोलायचं तर विम्याचा नियम बघा. विमा नियामकानं २०१९ मध्ये ठरवलेल्या अटींप्रमाणं बीएमआय ४० असेल, किंवा ३५ असून सोबत ठरावीक गंभीर आजारांपैकी एक असेल, तर वजनाच्या ऑपरेशनचा दावा बसू शकतो. त्या आजारांच्या यादीत गंभीर स्लीप अॅप्नियाचं नाव आहे. ३५ ते ४० मधल्या पेशंटला हाच रिपोर्ट उपयोगी पडतो.

परक्या जागी झोप कमी लागते, हे मात्र मेसेजमध्ये बरोबर आहे. पहिल्या रात्री सगळ्यांनाच कमी लागते, आणि रिपोर्ट वाचणाऱ्या डॉक्टरांना ते माहीत असतं. "मला काय झोप लागायची नाही बघा," म्हणणारे काका तासाभरात घोरायला लागतात. वायरी नुसत्या चिकटवलेल्या असतात, सुई नाही, शॉक नाही. लघवीला उठायचं असेल तर आवाज द्यायचा, खोलीत माइक असतो. सगळ्या वायरींचा एकच जोड आम्ही काढतो, माणूस जाऊन येतो. चार-पाच तास झोप मिळाली तरी बहुतेक वेळा भागतं. त्या रात्री खरंच पुरेशी झोप झाली नाही, तर डॉक्टर परत बोलावतात, पण खोटा रिपोर्ट देत नाहीत.

सगळ्यात घातक आहे ते ‘रिपोर्ट चांगला यावा म्हणून’. ही दहावीची परीक्षा नव्हे. रोज जसे झोपता तसंच त्या रात्री दिसलं पाहिजे. जागरणानं आणि गोळीनं झोपेची घडणच बदलते, गोळीनं घसा आणखी सैल पडतो. मग पडद्यावर दिसतं ते तुमचं रोजचं नसतं, आणि त्या आकड्यावर भूल द्यायची असते. ज्यांना डॉक्टरांनी रोजची झोपेची किंवा मनाच्या आजाराची गोळी दिली आहे, त्यांनी ती आपल्या मनानं बंदही करू नये. आधी सांगावं, डॉक्टर काय ते ठरवतील. बीपी-शुगरच्या औषधांचंही तसंच. चिठ्ठ्या नको, गोळ्यांच्या पट्ट्याच पिशवीत घालून आणा.

रिकाम्या पोटी येऊ नका. ही रक्ताची तपासणी नव्हे. रोजच्या वेळेला रोजची भाकरी-आमटी खाऊन या, शुगर असेल तर सोबत थोडं खायला ठेवा. चहा-कॉफी दुपारी बारानंतर नको. चारचा चहा चुकला की डोकं धरतं हे मलाही ठाऊक आहे, पण एक दिवस चालवा. दुपारची झोपही टाळा. दारू त्या दिवशी नको, आणि रोजची सवय असेल तर लपवू नका, आम्ही कुणाला सांगत नाही. आपल्याकडं बायकांना झोपताना मशेरी लावायची सवय असते. तंबाखूनं झोप उडते, आणि ऑपरेशनआधी ती सोडायची असतेच, म्हणून भूल देणाऱ्या डॉक्टरांना ते नक्की सांगा. बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्रीत रात्रपाळी असेल तर तारीख घेतानाच बोला, तुमची झोप दिवसाची असते.

डोकं शाम्पूनं धुवा, पुरतं वाळवा आणि तेलाचा थेंब लावू नका. डोक्याच्या कातडीवर छोट्या वाट्यांसारखे इलेक्ट्रोड पेस्टनं बसवतात. तेलावर ते घसरतात आणि मध्यरात्री आम्हाला पुन्हा उठवावं लागतं. मावशींचे केस विंचरताना माझा हात नुसता निसटत होता. घट्ट अंबाडा, गजरा नको, सैल वेणी चालते. नखांचा रंग आणि बोटांवरची काळी मेंदी सॅच्युरेशनच्या चिमट्याला फसवते. कपडे दोन भागांचे, सैल. आपली उशी आणली तर फारच बरं.

आणि रोज तुमच्या खोलीत झोपणारं माणूस सोबत आणा. तुमचा श्वास थांबलेला त्यांनीच पाहिलेला असतो. बऱ्याच बायका नवऱ्यासमोर हे सांगायला लाजतात, मग मी त्यांना बाजूला घेऊन विचारते. फॉर्म कानडीत किंवा इंग्रजीत असला तर सही करण्याआधी मराठीत वाचून घ्या, त्यात मागं राहू नका. सकाळी मोटारसायकल चालवत हायवेनं निपाणी गाठायचा हट्ट करू नका. झोप अर्धी झालेली असते, सोबतच्या माणसाला चालवू द्या.

मशीनची ‘सवय लागते’ म्हणतात. चष्म्याची लागते तशीच. ती ठरावीक दाबाची हवा नाकातून देते आणि घशाची वाट उघडी ठेवते, औषध त्यात काही नसतं. कधी कधी अर्ध्या रात्रीत आजार स्पष्ट दिसला की उरलेल्या रात्री मास्क लावून किती दाब पुरतो तेही बघतात. अचानक उठवून मास्क लावला म्हणून घाबरू नका. संध्याकाळीच तो तोंडावर धरून बघा.

टाके फाटायची भीती मात्र मी समजू शकते, कारण ती डॉक्टरांनाही होती. २००२ मध्ये अमेरिकेत पोटाच्या बायपासच्या (हे वजनाचंच एक ऑपरेशन) हजारावर पेशंटांचा अभ्यास छापून आला. मशीन वापरणाऱ्यांत टाक्यांतून गळती जास्त दिसली नाही. ज्यांना ऑपरेशनआधीपासून मशीन लागलेली आहे त्यांनी ती दवाखान्यात, आपल्या मास्कसकट, घेऊनच यावी.

राहिलं शेवटचं. वजन उतरल्यावर बहुतेकांचा आजार कमी होतो, काहींचा जातोही. पण सगळ्यांचा जात नाही, आणि घोरणं थांबलं म्हणजे श्वास अडकणं थांबलं असंही नाही. म्हणून मशीन आपल्या मनानं कपाटावर टाकू नका. वजन स्थिरावल्यावर, साधारण सहा महिने ते वर्षानं, पुन्हा एकदा तपासणी करतात. त्याआधीही चेहरा उतरून मास्कचा पट्टा ओढून ओढून शेवटच्या खाचेला आला आणि कडेनं हवा सुटायला लागली, तर या. मास्कचं माप आणि हवेचा दाब दोन्ही नव्यानं बघावं लागतं.